अण्णांची डॉज आणि टॉर्च धरणाऱ्या आई

भंगारवाला गाडीभोवती दोनदा फिरला. बोनेटवर बोटाने टकटक केलं, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "पत्रा जाड आहे. पस्तीस रुपये किलो देतो. उचलून न्यायचा खर्च माझा."

पस्तीस रुपये किलो! त्या आठवड्यात आमच्याकडे टोमॅटोसुद्धा याहून महाग होते.

नोव्हेंबर २०२१ची गोष्ट. भाईंदर पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा एक छोटासा गाळा आहे. आजूबाजूला सगळे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. दिवसभर पॉलिशच्या मशीनचा घुर्रर्र आवाज आणि नाकात काळी धूळ. त्या गाळ्यात ताडपत्रीखाली माझ्या सासऱ्यांची, अण्णांची गाडी उभी होती. १९५१ सालची डॉज किंग्जवे. अण्णा २०११ साली गेले, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. गाळा भाड्याने द्यायचा म्हणून ह्यांनी भंगारवाल्याला बोलावलं होतं.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. वय ब्याऐंशी. एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त उठल्या आणि पदराने पुढच्या दिव्याची काच पुसायला लागल्या. ती पुसताना त्यांचा हात असा काही फिरत होता, की माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "नाही विकायची. मी बघते काय करायचं ते."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी उद्यापासून सर्कशीत जाते म्हणून सांगितलं असावं!

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला तेव्हा गाडीतलं काहीही कळत नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये मी नोकरीतून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं फायली सांभाळल्या, घर सांभाळलं. आता काय, तर भिशी, भजनी मंडळ आणि नातवंडांची वाट पाहणं. छंद म्हणावा असं माझ्याजवळ काही नव्हतं. आणि पहिला छंद लागला तो हा. सोळा फूट लांब, तेराशे-चौदाशे किलो वजनाचा!

आता तुम्ही म्हणाल, भाईंदरच्या गाळ्यात अमेरिकन गाडी आली कुठून? तर गाडी अमेरिकन असली तरी जन्म कुर्ल्याचा. मलाही हे अण्णांकडूनच कळलं होतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा तीन नावांच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. सुटे भाग अमेरिकेहून खोक्यांतून यायचे, ते इथे जोडायचे. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, म्हणून स्टिअरिंग उजव्या हाताला. त्याच्याही आधी, १९२८ पासून, जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. पण नुसत्या जोडणीवर समाधान न मानता गाड्या इथेच बनल्या पाहिजेत, असं धोरण सरकारने १९५३ साली आखलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड तेव्हा इथून गेल्या. परदेशी गाड्यांची आयात आटली आणि प्रीमियरचा भर हळूहळू फियाटवर गेला. मोठ्या अमेरिकन गाड्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांनी त्या दुरुस्त करत करत जपल्या. दुसरा इलाजच नव्हता.

अण्णा त्याच कुर्ल्याच्या कारखान्यात फिटर. आमची डॉज त्यांनी विकत घेतली ती १९७४ साली, गिरगावातल्या एका शेठकडून. आदल्या वर्षी जगभर तेलाचं संकट आलं होतं, पेट्रोलचे भाव भडकले होते. लिटरला जेमतेम सहा किलोमीटर जाणारा हा हत्ती शेठला दारात नको होता. अण्णांना मात्र आपल्या कारखान्यात तयार झालेली गाडी दारात हवी होती. चाळीत राहणारा फिटर आणि दारात डॉज! सगळी चाळ बघायला आली होती म्हणे.

हत्ती पोसणं अण्णांनाही जमेना. १९८१ साली त्यांनी तिचं मूळचं पेट्रोल इंजिन काढून सेकंडहँड पर्किन्स डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी कितीतरी जणांनी तसंच केलं. १९८७ साली लग्न होऊन मी ह्या घरात आले, ती याच गाडीतून. डिझेलच्या धडधडीने माझ्या मुंडावळ्या हलत होत्या, एवढंच आठवतंय. पुढच्या वर्षी घर कुर्ल्याहून भाईंदरला आलं, कारण इथे जागा परवडत होती. मागोमाग गाडी आली आणि मग गाळा आला.

माझ्या मिस्टरांचा मात्र या गाडीवर राग. तो का, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. "रविवार आला की बाप गाडीखाली," ते म्हणायचे. "बाकीच्यांचे वडील मुलांना राणीच्या बागेत न्यायचे. आम्ही बापाचे फक्त पाय बघितलेत." त्यामुळे मी गाडी नीट करते म्हटल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "तुझे पैसे आहेत, तू बघ. मला त्यात ओढू नकोस."

सुरुवात झाली ती मिस्त्री शोधण्यापासून. आजच्या गॅरेजवाल्यांनी बोनेट उघडून हात जोडले. शेवटी कुर्ल्याकडचे एक वयस्कर मिस्त्री मिळाले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आठवड्यातून दोन दिवस ते लोकलने येऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला काम दिलं. "भाभी, आधी पुसा. पुसल्याशिवाय गाडी बोलत नाही." पंधरा दिवस मी नुसती रॉकेल आणि फडकं घेऊन बसले होते. दिवाळीतल्या साफसफाईची सवय कामाला आली, म्हणा ना!

मग उघडलेला प्रत्येक भाग, प्रत्येक नटबोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत. बरणीवर चिठ्ठी: 'उजवा दरवाजा, वरची बिजागरी'. चाचा हसले, पण दोन वर्षांनी त्याच बरण्यांनी आम्हाला तारलं. मुलाने जुनं वर्कशॉप मॅन्युअल मिळवून दिलं. दुपारी चष्मा लावून, डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते वाचायची. त्यातून कळलं, की या गाडीला आजच्यासारखी बारा नव्हे, तर सहा व्होल्टची बॅटरी लागते. आणि आज आपण बॅटरीची मायनसची वायर गाडीच्या सांगाड्याला जोडतो, हिच्यात मात्र प्लसची जोडायची! हे कळायच्या आधी बॅटरी उलटी जोडली असती, तर काय झालं असतं देव जाणे. बोल्टही सगळे इंचाच्या मापाचे. मिलिमीटरचे पाने लावले की घसरतात आणि बोल्टचं डोकं गोल करून टाकतात. इंचाचे पाने मला चोरबाजारात मटन स्ट्रीटला मिळाले. मोलभाव मात्र मीच केला. भाजीबाजाराचं शिक्षण वाया जात नाही!

एक दिवस चाकं काढायची होती. उजवीकडची दोन्ही निघाली. डावीकडचं काही केल्या हलेना. चाचांचा हेल्पर पोरगा पान्यावर उभा राहून उड्या मारायला लागला. कट्ट! एक बोल्ट तुटला. तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला, "अरे, डाव्या अंगाची चाकं उलटी उघडतात."

आम्ही सगळे वळलो. आई शांतपणे माळ ओढत बसल्या होत्या. "क्रायस्लरच्या गाड्यांचे डावीकडचे आटे उलटे असतात. चालताना ढिले होऊ नयेत म्हणून. हे नेहमी सांगायचे."

चाचांनी कानाला हात लावला. "मी विसरलो होतो, अम्मा." पाना उलटा फिरवला आणि बोल्ट लोण्यासारखा सुटला.

त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी विचारलं, "आई, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"न कळायला काय झालं? तीस वर्षं टॉर्च कोण धरत होतं?" त्या म्हणाल्या. "हे गाडीखाली, मी वरून उजेड दाखवायची. इकडे धर, तिकडे धर. आठवडाभर शिफ्ट, घरी आले की झोप. मग दोघांनी बोलायचं कधी? रविवारी टॉर्च धरली की बोलणं व्हायचं."

मला बोलायला काही सुचलंच नाही. मुलाला फक्त बापाचे पाय दिसले होते. पण पलीकडे उजेड धरून एक बाई उभी असायची, तिला सगळी गाडी दिसत होती. तिला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईंची खुर्ची गाडीच्या अगदी जवळ आली.

२०२२च्या उन्हाळ्यात खरी अडचण उभी राहिली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले होते. गाडी रोजच्या वापराची किंवा धंद्याची नसावी. चेसिस, बॉडी आणि इंजिनात फारसा बदल न करता ती मूळ स्वरूपात असावी. नोंदणी दहा वर्षांची. आमच्या गाडीत तर डिझेल इंजिन! चौकशी केली, तर उत्तर सरळ होतं. मूळ स्वरूप नाही, तर व्हिंटेज नाही. आणि साधी गाडी म्हणून एवढं जुनं डिझेल इंजिन रस्त्यावर आणायचं, तर तो रस्ता आणखी अवघड.

चाचा म्हणाले, "असलं पेट्रोल इंजिन आता कुठून आणणार?" आणि मला वेगळीच टोचणी लागली. मिळालं तरी बसवायचं का? ते डिझेल इंजिन अण्णांनी स्वतःच्या हातांनी बसवलेलं, त्याचे पाय वेल्डिंग करून घेतलेले. ती तर अण्णांची खरी करामत. ते काढलं, तर गाडी १९५१ची होईल खरी, पण अण्णांची राहील का? जुनी गाडी पूर्ववत करायची म्हणजे नक्की कुठल्या दिवसापर्यंत मागे न्यायची? कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापर्यंत, की आपल्या माणसाचा हात तिच्यावरून शेवटचा फिरला त्या दिवसापर्यंत?

मी हे बोलून दाखवलं. आई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, करामत कसली? पैसे नव्हते म्हणून बसवलं ते. आवडीने नाही. त्या रात्री जेवले नाहीत."

"मग जुनं इंजिन विकलं का?"

"विकतील ते? तुम्ही रोज चहा कशावर ठेवून पिता?"

गाळ्याच्या कोपऱ्यात एक मोठं लाकडी खोकं होतं. वर पत्रा ठोकलेला. वर्षानुवर्षं त्यावर स्टोव्ह, साखरेचा डबा, कपबश्या. मी स्वतः त्यावर हजार वेळा कप ठेवला असेल! पत्रा उचकटला. आत गोणपाट, त्याखाली ऑइलने भिजलेली जुनी चादर (माझ्या सासूबाईंच्या रुखवतातली, हे त्यांनीच सांगितलं) आणि चादरीत सहा सिलेंडरचं, साडेतीन लिटरहून मोठं ते इंजिन. आजच्या छोट्या मारुतीच्या चौपट.

"दर दसऱ्याला हे खोकं उघडायचे," आई म्हणाल्या. "प्लगच्या भोकांतून चमचाभर ऑइल सोडायचं आणि हाताने एक फेरा फिरवायचा. जाम होऊ नये म्हणून. ते गेल्यावर दोन वर्षं मी पोराकडून ऑइल तेवढं सोडून घेतलं. पुढे मला इथे येणं झेपेना."

चाचांनी रॉकेलचा बोळा घेऊन ब्लॉकची बाजू पुसली. आत ठोकलेला नंबर दिसेना, म्हणून मी त्यावर खडू घासला. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. आरसी बुकाचं पहिलं पान उघडून मी ताडून पाहिलं. तोच नंबर! शेवटचा आकडा जुळला, तेव्हा चाचा, तो हेल्पर पोरगा आणि मी, तिघेही ओरडलो. शेजारच्या कारखान्यातले कामगार काय झालं म्हणून धावत आले.

इंजिन फिरायला मात्र तयार नव्हतं. आठ-नऊ वर्षं ऑइल न मिळाल्याने दोन पिस्टन धरून बसले होते. महिनाभर रोज थोडं थोडं ऑइल घालून, हळूहळू हलवून ते सोडवले. घाई केली असती, तर ब्लॉकच गेला असता. मग सिलेंडर घासून घेणं, व्हॉल्व्ह बसवून घेणं, तांब्याची हेड गॅस्केट मिळवणं. गॅस्केट म्हणजे काय, तर आपल्या कुकरची रिंग! ती नीट बसली नाही की वाफ निघून जाते, शिटी होत नाही, इथेही तेच. कार्ब्युरेटरचं बारीक भोक बुजलं, तेव्हा मला स्टोव्हची पिन आठवली. उगाच घाबरतो आपण यंत्रांना. रोज स्वयंपाकघरात आपण दुसरं काय करतो?

मॅन्युअल वाचता वाचता आणखी एक गंमत कळली. अमेरिकेत डॉज कंपनीने १९५५ साली खास बायकांसाठी गाडी काढली होती, 'ला फेम'. रंग गुलाबी-पांढरा. सोबत त्याच रंगाची पर्स, लिपस्टिकचा डबा, रेनकोट आणि छत्री! कंपनीला वाटलं, बायका धावत येतील. कुणी फारसं फिरकलंच नाही, दोन वर्षांत ती बंद पडली. गाडी तीच, वर फक्त गुलाबी रंग. बायकांना काय हवं, हे बायकांना विचारायचंच राहिलं असणार. त्यांनी जर्मनीतल्या बर्था बेन्झबाईंची आठवण ठेवायला हवी होती. १८८८ साली ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या मोटारीतून शंभर किलोमीटर लांब माहेरी गेली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि वाटेतली पहिली दुरुस्तीही तिच्या नावावर सांगतात.

आमच्याकडे दोन वर्षं गेली. खर्च चार लाखांच्या घरात गेला. फंडाच्या पैशांतून ठरलेलं बाथरूमचं काम राहिलं, ते अजून राहिलंच आहे. "एवढ्यात एक चांगली सेकंडहँड गाडी आली असती," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, ते मोजलं नाही. ते खोटंही नव्हतं. एखाद्या रात्री मलाही वाटायचं, आपण हे काय करून बसलो!

रंगाच्या वेळी डेंटरने जुना पत्रा ठोकून घेतला, लांबी भरून घासून घेतली. गाडीच्या अंगावरच्या चकचकीत पट्ट्या काळवंडल्या होत्या. चाचा म्हणाले, त्या स्टीलच्याच आहेत, पॉलिश केल्या की झालं. भाईंदरमध्ये स्टील पॉलिशला काय तोटा? पण या लांबलचक, नाजूक पट्ट्या मशीनवर धरायला माहीतगार माणूस हवा.

एका संध्याकाळी मी गाळ्यावर गेले, तर पट्ट्या जागेवर नाहीत! पोटात धस्स झालं. शेजारच्या कारखान्यात डोकावले. आमचे हे, तोंडाला रुमाल बांधून, पॉलिशवाल्याच्या शेजारी उभे. पट्टीचं एक टोक त्यांच्या हातात. मला पाहून म्हणाले, "हा वाकडी धरत होता, म्हणून..."

मी काही बोलले नाही. स्टोव्ह पेटवून सगळ्यांसाठी चहा टाकला.

आतल्या सीटचा प्रश्न राहिला होता. मूळचं कापड केव्हाच गेलेलं. वर आईंनी १९८०च्या सुमारास घरच्या मशीनवर शिवलेली तपकिरी रेक्झिनची कव्हरं होती, एका जागी टाके तिरके गेलेली. नवीन करायची का, मी विचारलं. आईंना नव्हे, ह्यांना. ते म्हणाले, "असू दे. ती रात्री शिवत बसायची, मला आवाज आठवतो." कव्हरं तशीच ठेवली. इंजिन १९५१चं, कव्हरं आईंची. मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते असं, अर्धं अर्धं.

ते डिझेल इंजिन मात्र शेवटी भंगारातच गेलं. ते नेताना आईंनी त्याला हळद-कुंकू लावलं. "याने संसाराला हातभार लावला," म्हणाल्या.

तुमच्याही वाड्यात, गोठ्यात एखादी अशी गाडी ताडपत्रीखाली असेल, तर अनुभवातून चार गोष्टी सांगते. सगळ्यात आधी आरसी बुक शोधा आणि चेसिसचा व इंजिनाचा नंबर ताडून पाहा. कागद नसतील, तर खर्चाला हात घालू नका. व्हिंटेजची नवी नोंदणी असेल, तर वीस हजार रुपये फी ठेवली आहे, आणि फेरनोंदणीला पाच हजार. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आमचा 'बीएम'वाला नंबर तसाच राहिला, याचा आईंना सगळ्यात जास्त आनंद. दुसरं, बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन चावी लावून फिरवू नका, आधी प्लग काढून ऑइल सोडा. तिसरं, ब्रेक नीट झाल्याशिवाय गाडी फुटभरही हलवू नका. चौथं, आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्याला टिकणारा बसवून घ्या. आणि हो, घरात कुणी टॉर्च धरणारं होतं का, ते विचारा.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली, ती २०२४च्या दसऱ्याला. डिझेलची धडधड ऐकलेल्या आमच्या कानांना ती सुरू झालीय हेच आधी कळेना, इतका मऊ आवाज. शिलाई मशीन दुरून चालावं तसा. आईंनी डोळे मिटून घेतले होते. "हाच," एवढंच म्हणाल्या.

व्हिंटेज गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. म्हणून आईंची पहिली सफर झाली ती काशिमिऱ्याच्या पेट्रोल पंपापर्यंत! नवी कोरी साडी नेसून त्या पेट्रोल भरायला आल्या. मी चालवत होते. मारुतीवर शिकलेला माझा हात, त्यात गिअरचा दांडा स्टिअरिंगला. घाम फुटला होता. परत येताना सिग्नलला गाडी गचके खात बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. मी पार गांगरले. मागच्या सीटवरून आईंनी बाटलीतल्या पाण्याने भिजवलेला रुमाल पुढे केला. "उन्हाने नळीत पेट्रोल उकळलंय. पंपावर हे ओलं घाल आणि पाच मिनिटं थांब." बोनेट उघडून घातलं. पाच मिनिटांनी गाडी सुरू.

गेल्या वर्षी, २०२५च्या फेब्रुवारीत, दक्षिण मुंबईत जुन्या गाड्यांचा मेळावा होता. पहाटे साडेपाचला निघालो. दहिसर नाका ओलांडला तेव्हा आई म्हणाल्या, "कुर्ल्यावरून जाऊ या?" ह्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "घे गं त्या बाजूने."

कुर्ला पश्चिमेला प्रीमियर रोड अजून त्याच नावाचा आहे. कारखाना मात्र नाही. कुर्ल्यात जन्मलेल्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या उंच इमारती आहेत. मी गाडी बाजूला घेतली. आई काचेतून बघत राहिल्या. "इथे भोंगा व्हायचा," त्या म्हणाल्या. "मी डबा घेऊन यायची." ह्यांनी आईंचा हात हातात घेतला होता, हे मला आरशात दिसलं.

तेवढ्यात एक वॉचमन आला. गाडीकडे कौतुकाने पाहिलं आणि तरीही कर्तव्य म्हणून म्हणाला, "मॅडम, इथे गाडी लावता येत नाही. बाहेरच्या गाड्यांना परवानगी नाही."

आई काच खाली करून हसल्या. "बाहेरची नाही रे बाबा. इथलीच आहे."